बारावीनंतर शाखा निवडताय? एआयच्या काळात टिकणारं शिक्षण कसं शोधायचं

चार वर्षांच्या अंतराने मी हे दोनदा केलं आहे. थोरल्याची बारावी २०२१ची, म्हणजे करोनात बोर्डाची परीक्षाच रद्द झाली ती बॅच. त्याचा प्रवेश डिसेंबर उजाडेपर्यंत रेंगाळला आणि शेवटी आम्ही कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घेतलं. का घेतलं, तर सगळे घेत होते. तो दुसऱ्या वर्षाला असताना, नोव्हेंबर २०२२मध्ये, चॅटजीपीटी आलं. २०२५ला तो पास झाला तेव्हा कॉलेजच्या भरवशावर ज्या नोकऱ्या आम्ही गृहीत धरल्या होत्या, त्या फारशा आल्याच नाहीत. त्याला नोकरी लागली, पण सात महिने गेले. ते सात महिने घरात कसे गेले ते मी विसरणार नाही.

त्याच उन्हाळ्यात धाकटीची बारावी झाली. या वेळी मी सहा महिने आधीपासून वही घालून बसले. लोकांना भेटले, अभ्यासक्रम वाचले, दोन कारखाने आणि तीन कॉलेजं पालथी घातली. तिने इलेक्ट्रिकल घेतलं. तुम्हीही तेच घ्या असं माझं म्हणणं नाही. निर्णयापर्यंत आम्ही कसे पोहोचलो, ते सांगायला हा लेख आहे.

मी नाशिकची. इथल्याच अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत एकोणीस वर्षं अकाउंट्स बघते. पुढचं बरंचसं महाराष्ट्रातून सीईटी देऊन इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांसाठी आहे, पण पहिल्या चार पायऱ्या कुठल्याही शाखेला लागू पडतील.

१. ‘एआयप्रूफ कोर्स’च्या याद्या बाजूला ठेवा

मार्च-एप्रिलमध्ये मोबाइलवर अशा याद्यांचा पूर येतो. एकीत वकिली संपली म्हणतात, दुसरीत वकिलीच टिकेल म्हणतात. आम्ही एका समुपदेशकाला फी देऊन भेटलो, त्यांनीही अशीच छापील यादी हातात ठेवली आणि वीस मिनिटांत विषय संपवला.

एवढंच लक्षात ठेवा, की भाकितं भल्याभल्यांची चुकली आहेत. आजच्या एआयचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले जेफ्री हिंटन २०१६मध्ये जाहीरपणे म्हणाले होते, की नवे रेडिऑलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे, स्कॅन वाचणारे डॉक्टर, तयार करणं आता थांबवायला हवं. हिंटन यांना २०२४मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, इतका मोठा माणूस. पण रेडिऑलॉजिस्ट आजही हवे आहेत. फिल्म वाचणं हा त्यांच्या कामाचा एक तुकडा होता. बाकीचं काम, म्हणजे सर्जनशी बोलणं, सुईने नमुना काढणं, रिपोर्टखाली सही करणं, बाहेरून कुणाला दिसलंच नव्हतं. एखादा व्यवसाय आतून कसा चालतो हे कळलं नाही, तर नोबेलच्या तोडीचा माणूसही चुकतो. मग आपण तरी व्यवसायाच्या नावावरून निर्णय का घ्यावा? पुढची पायरी त्यासाठीच आहे.

२. काम करणाऱ्या माणसाला विचारा, ‘गेल्या मंगळवारी दिवसभर काय केलंत?’

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, पण ही पायरी सोडू नका.

‘तुमच्या क्षेत्राला स्कोप आहे का?’ असं विचारलं की माणूस एकतर कौतुक करतो, नाहीतर रडगाणं गातो. ‘गेल्या मंगळवारी सकाळी ऑफिसात गेल्यापासून काय काय केलंत?’ असं विचारलं की खरं काम बाहेर येतं. मंगळवारच धरा, कारण सोमवारी मीटिंगा असतात आणि शनिवारी बरेच जण अर्धाच दिवस असतात. ज्या दोन-तीन शाखांचा विचार आहे, त्या प्रत्येकीतले दोघं गाठा. एक पाच वर्षांच्या आत लागलेला, दुसरा पंधरा वर्षं काढलेला. ओळख नसेल तर नातेवाइकांच्या नातेवाइकांना विचारा. फोन करताना ‘मुलांसाठी पंधरा मिनिटं हवीत’ एवढंच म्हटलं, तरी बहुतेक लोक वेळ देतात. आम्ही नऊ जणांना फोन केले, सात जण बोलले.

नमुना म्हणून माझाच मंगळवार घ्या. पूर्वी माझी अर्धी सकाळ खरेदीची बिलं टॅलीत (हिशेबाचं सॉफ्टवेअर) चढवण्यात जायची. आता बिलाची पीडीएफ टाकली की नाव, जीएसटी नंबर, रक्कम आपोआप भरली जाते. मी फक्त नजर टाकते. म्हणजे माझ्या कामातला हा तुकडा गेलाच. पण त्याच मंगळवारी जीएसटीआर-२बी (सप्लायरांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल तयार करतं ती यादी) उघडल्यावर दिसलं, की भोसरीच्या एका सप्लायरने आमचं बिल त्याच्या रिटर्नमध्ये दाखवलंच नाही. म्हणजे त्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं आम्हाला मिळणारं क्रेडिट अडकलं. फरक कॉम्प्युटरने दाखवला. त्या माणसाला फोन करणं, तो का टाळतोय हे ओळखणं, साहेबांना सांगून पुढचं पेमेंट थांबवावं की नाही हे ठरवणं, हे मला करावं लागलं. आमच्याकडे नुसती एंट्री करणारी मुलगी होती, तिच्या जागेवर आता कुणी घेतलेलं नाही. हे लिहिताना वाईट वाटतं, पण कॉमर्सला जाणाऱ्या मुलांना ते कळायला हवं.

धाकटीसाठी आम्ही सातपूरला ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या एका वर्कशॉपमध्ये गेलो. जळालेला ट्रान्सफॉर्मर उघडून ठेवला होता, आत काळवंडलेली कॉइल, सगळीकडे तेलाचा वास. मालकांनी तेलाचा नमुना चाचणीच्या भांड्यात ओतला. आत दोन गोलाकार टोकं, त्यांच्यात अडीच मिलिमीटरचं अंतर. व्होल्टेज चढवत नेलं, तडकन ठिणगी पडली आणि तेलाने किती व्होल्टेज सोसलं तो आकडा थांबला. लेकीने विचारलं, ‘काका, कॉइल का जळली हे मशीन सांगत नाही का?’ ते म्हणाले, ‘मशीन तेलाचा आकडा सांगतं. हा कुठल्या गावचा, तिथे पाळीची लाइट आली की एकदम किती मोटारी चालू होतात, मधे कुणी तेल चोरून नेलं होतं का, हे जाऊन बघावं लागतं.’ मग तिने विचारलं, ‘तुम्ही एआय वापरता?’ ते म्हणाले, रोज वापरतात. कोटेशनचा मजकूर आणि इंग्रजी मेल त्याच्याकडूनच लिहून घेतात, त्यामुळे ऑफिसात एक माणूस कमी लागतो, पण वर्कशॉपमध्ये कॉइल भरणारी आणि टेस्टिंग समजणारी माणसं मिळत नाहीत.

घरी येताना ती गाडीवर गप्प होती. रात्री तिने स्वतःहून वहीत त्यांचा मंगळवार लिहून काढला.

३. लिहून काढलेल्या कामांना चार प्रश्न लावा

प्रत्येक माणसाच्या दिवसातली आठ-दहा कामं वहीत उतरवा आणि त्यांच्यासमोर हे लिहा:

- हे काम स्क्रीनवरून सुरू होऊन स्क्रीनवरच संपतं का? (तसं असेल तर त्यातला मोठा भाग यंत्राकडे जाणार असं धरून चाला.)
- त्यासाठी जागेवर जावं लागतं का, हात लावावा लागतो का, आणि दर वेळी परिस्थिती वेगळी असते का?
- चूक झाली तर जबाबदार कोण? कायद्याने कुणाची सही लागते?
- नव्या माणसाला पहिली दोन वर्षं यातलं कुठलं काम देतात?

चौथा प्रश्न मला थोरल्याच्या अनुभवाने शिकवला. शिडीच्या वरच्या पायऱ्या शाबूत असतात, पण खालचीच निघालेली असते. सॉफ्टवेअरमध्ये नव्या मुलाला आधी काय द्यायचे? सोपं टेस्टिंग, छोट्या दुरुस्त्या, जुन्या कोडचं डॉक्युमेंटेशन. ही कामं करत करत मुलं शिकायची. आज नेमकी हीच कामं एआय पटकन करून देतं. अनुभवी माणसाला मागणी आहे, पण अनुभव मिळवायची जागा आक्रसली आहे. त्यामुळे ‘या क्षेत्रात दहा वर्षांनी पगार किती?’ याच्या आधी ‘पहिल्या दिवशी मला काय काम देतील?’ हे विचारा.

काही शिक्षणांत ही खालची पायरी नियमांनीच बांधलेली असते. सीए करणाऱ्याला आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखाली उमेदवारी, करावीच लागते, २०२३च्या नव्या योजनेपासून ती दोन वर्षांची आहे. पशुवैद्यकीय पदवी इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांची. नर्सिंगमध्ये वॉर्डातल्या ड्युट्या अभ्यासक्रमाचाच भाग आहेत. माणूस हाताखाली शिकल्याशिवाय पदवी पुरीच होत नाही, असं जिथे आहे, तिथलं शिक्षण मला जास्त भरवशाचं वाटतं. दोन अभ्यासक्रमांत अडकला असाल तर हे एक वजन त्या पारड्यात टाका.

४. काही क्षेत्रांबद्दल, मला जे दिसलं ते

कॉम्प्युटर आणि आयटी: हे बंद पडलेलं नाही. घाबरून पळू नका, पण झुंडीतही जाऊ नका. जुलै २०२५मध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करायचं जाहीर केलं. कंपनीने कारण एआयची उत्पादकता असं न देता कौशल्यं जुळत नाहीत असं दिलं. नाव काहीही असो, नुसती कोडिंगची भाषा येणं पुरत नाही हा अर्थ त्यातून निघतो. ज्या मुलाला गणित आवडतं, जो न सांगता काहीतरी बनवत बसतो, बिघडलं तर रात्रभर जागून कारण शोधतो, त्याने कॉम्प्युटर जरूर घ्यावं. ‘बसून काम असतं, पगार बरा असतो’ म्हणून घेणाऱ्याने थांबून विचार करावा. आणखी एक गोष्ट. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५पासून, चांगल्या ठरलेल्या कॉलेजांसाठी, एका शाखेत किती जागा असाव्यात यावरची वरची मर्यादा काढली. त्यामुळे कॉम्प्युटर आणि तिच्या बहिणींच्या जागा बऱ्याच कॉलेजांत वाढल्या. तुमच्यासोबत किती मुलं पास होणार आहेत, तो आकडा कॉलेजच्या वेबसाइटवर बघा.

इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन: दहा वर्षांपूर्वी यांच्या जागा ओस पडू लागल्या होत्या. आज एआय चालवायलाच प्रचंड वीज आणि थंडावा लागतो. नवी मुंबईत डेटा सेंटर उभी राहताहेत, त्यांना पॉवर आणि कूलिंग सांभाळणारे इंजिनिअर लागतात. छतावरचं सोलर, शेतीचे सौरपंप, चार्जिंग स्टेशन ही सगळी कामं जागेवर जाऊन करायची. सुरुवातीचा पगार मात्र आयटीपेक्षा कमी असतो आणि साइटवर उन्हात उभं राहावं लागतं. हे मुलांना आधीच सांगा. आम्ही सांगितलं होतं.

नर्सिंग, फिजिओथेरपी, पशुवैद्यकीय: माणसाच्या किंवा जनावराच्या अंगाला हात लावणारी कामं. म्हशीचं अडलेलं रेडकू सोडवणं कुठल्याही स्क्रीनवर होत नाही. पशुवैद्यकीयसाठी नागपूरच्या माफसू विद्यापीठाची माहितीपुस्तिका बघा. जागा कमी आहेत, नीटचे गुण लागतात.

शेती: राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार कृषी विद्यापीठं आहेत. घरची जमीन असलेल्या मुलांनी बीएस्सी अॅग्रीकडे फक्त स्पर्धा परीक्षेची पायरी म्हणून बघू नये, एवढंच म्हणते.

कॉमर्स: वर सांगितलं. एंट्रीचं काम जातंय, हिशेब समजून सल्ला देणाऱ्याचं राहतंय.

बीए, भाषा, समाजशास्त्र: नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय) सोबत मायनर (जोडविषय) घेता येतो, त्याचा नीट उपयोग करा. अर्थशास्त्रासोबत संख्याशास्त्र, मानसशास्त्रासोबत समाजकार्य. एकच विषय घेऊन बसण्यापेक्षा दोन विषयांच्या सांध्यावर काम सापडतं, असं मला सात जणांपैकी तिघांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं.

५. शाखेच्या नावाला भुलू नका, अभ्यासक्रम उघडून वाचा

‘एआय अँड डेटा सायन्स’, ‘एआयएमएल’, ‘सायबर सिक्युरिटी’, ‘आयओटी’... नावं ऐकून वाटतं की भविष्य इथेच आहे. विद्यापीठाच्या साइटवर अभ्यासक्रमाच्या पीडीएफ असतात. कॉम्प्युटरची आणि या शाखेची पीडीएफ शेजारी-शेजारी ठेवा आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विषय ताडून बघा. आम्ही ज्या बघितल्या, त्यांत फरक चार-पाच विषयांचाच होता.

अशा वेळी मूळ शाखा घ्यावी असं माझं मत आहे. डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, सर्किट, थर्मोडायनॅमिक्स, स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल हे विषय वीस वर्षांपूर्वी होते आणि पुढेही राहतील. विशिष्ट सॉफ्टवेअरच्या नावावर बेतलेला विषय पदवी हातात येईपर्यंत शिळा होऊ शकतो. शिवाय एआयने दिलेलं उत्तर बरोबर की चूक हे ओळखायला मूळ विषयच लागतो. लेकीने एकदा केबलचा साइझ एआयला विचारला. त्याने आत्मविश्वासाने आकडा दिला, पण व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे केबलच्या लांबीमुळे घटणारं व्होल्टेज, धरलाच नव्हता. तिच्या सरांनी ते एका नजरेत पकडलं.

६. कॉलेज बघायला जा, आणि कामाच्या दिवशी जा

प्रवेशाच्या काळात कॉलेजं नटलेली असतात. तुम्ही फेब्रुवारीत, लेक्चर चालू असताना जा. गेटवर अडवलं तर खरं कारण सांगा. आत गेल्यावर:

- लॅबमध्ये मुलं हाताने काम करताहेत की एक जण करतोय आणि वीस जण बघताहेत, ते बघा.
- मशीनवर धूळ आहे का? वर्कबेंचवर ओरखडे, डाग असतील तर चांगली खूण समजा.
- तिसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये गाठून विचारा, ‘इंटर्नशिप कॉलेजने दिली की स्वतः शोधली?’
- प्लेसमेंटचा आकडा शाखेनुसार मागा. ‘हायेस्ट पॅकेज’चं पोस्टर एका मुलाचं असतं. मधल्या मुलाला किती मिळाले, आणि किती जणांना काहीच मिळालं नाही, हे विचारा.

एका कॉलेजात प्लेसमेंटच्या सरांनी आम्हाला चकचकीत ब्रोशर दिलं. कँटीनमधल्या मुलाने सांगितलं, की त्यातल्या दोन कंपन्या गेली दोन वर्षं आल्याच नाहीत. आम्ही ते कॉलेज पर्यायांतून काढलं. एनबीएचं, म्हणजे तंत्रशिक्षणाची गुणवत्ता तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, मानांकनही शाखेनुसार असतं. तुमच्या शाखेला आहे का ते बघा.

७. पैशांचा हिशेब आधी मांडा

खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या वेबसाइटवर असते. कॉलेज तोंडी सांगेल त्या आकड्याशी ती ताडून बघा. चार वर्षांची फी, वसतिगृह, मेस, बस, लॅपटॉप हे सगळं एका कागदावर लिहा आणि सुरुवातीच्या पगाराशी लावून बघा. कर्ज घेऊन शिकत असाल तर ‘नोकरी लागायला एक वर्ष लागलं तरी हप्ता कसा भरू?’ हा प्रश्न स्वतःला विचारा. आमच्यावर ती वेळ आली होती.

दोन सवलती माहीत असू द्या. टीएफडब्ल्यूएस (ट्यूशन फी माफी) योजनेत कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फी माफ असते. तिच्या जागा वेगळ्या, कोड वेगळा, आणि पर्याय अर्जात (कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम भरतात तो अर्ज) तो वेगळा भरावा लागतो. दुसरी, २०२४-२५पासून ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ओबीसी मुलींना, आठ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमांची ट्यूशन आणि परीक्षा फी शासन भरतं. त्यासाठी प्रवेश कॅपमधूनच, म्हणजे सरकारी केंद्रीभूत प्रवेश फेऱ्यांतूनच, झालेला लागतो. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर हा लाभ जातो. एजंट हे सांगत नाहीत.

८. कागदपत्रं: अकरावीतच सुरुवात करा

- दहावी, बारावीची गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
- अधिवास प्रमाणपत्र
- आधार कार्ड, आणि आधारला जोडलेलं बँक खातं (शिष्यवृत्ती त्यातच येते)
- उत्पन्नाचा दाखला, तहसीलदारांचा
- लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र आणि जात वैधता प्रमाणपत्र
- लागू असेल तर नॉन-क्रीमी लेअर किंवा ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र
- सीईटीचं गुणपत्रक

जात वैधतेला सर्वांत जास्त वेळ लागतो. वडिलांकडच्या जुन्या नोंदी, आजोबांचा शाळेचा दाखला हे गावाकडून आणावं लागतं. हा अर्ज बारावीच्या निकालापर्यंत ठेवू नका. नॉन-क्रीमी लेअर ज्या वर्षी प्रवेश घेताय त्याच्या पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत वैध असलेलं हवं. जुनं चालत नाही. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते बघा. आमच्या थोरल्याच्या दाखल्यावर वडिलांच्या नावात एक अक्षर कमी होतं, त्यापायी दोन दिवस गेले.

९. पर्याय अर्ज भरताना

सीईटी सेलच्या साइटवर नोंदणी, मग कागदपत्रांची पडताळणी (घरबसल्या ई-स्क्रुटिनी किंवा सुविधा केंद्रावर जाऊन), मग तात्पुरती आणि अंतिम गुणवत्ता यादी, मग पर्याय अर्ज. क्रम हा असतो. नियम दर वर्षी थोडे बदलतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका पूर्ण वाचा.

२०२५ला चार फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागायचा. दुसरीत पहिल्या तिनांतला, तिसरीत पहिल्या सहांतला मिळाला तरी तेच. ‘बघू तरी मिळतं का’ म्हणून नको असलेलं कॉलेज वर टाकलं की अडकलात. ओळखीतल्या एका मुलाने मैत्रीखातर मित्राचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकलं आणि तेच गळ्यात पडलं.

आम्ही असं केलं: आधीच्या दोन वर्षांच्या कटऑफच्या पीडीएफ काढल्या, आपल्या प्रवर्गाचे आणि मुलींच्या जागांचे आकडे वेगळ्या रंगाने खुणावले. मग कटऑफ झाकून लेकीला विचारलं, की सगळीकडे मिळत असतं तर क्रम काय लावशील? तोच क्रम लिहिला. कटऑफचा उपयोग एवढाच केला, की खाली पुरेसे हमखास मिळणारे पर्याय आहेत ना ते बघितलं. कटऑफ जास्त म्हणून ती शाखा वर टाकायची, हे करू नका. कटऑफ म्हणजे गेल्या वर्षी लोकांना काय हवं होतं त्याचा आकडा. तुमच्या मुलीला काय जमेल, ते तो सांगत नाही.

अर्ज भरायला सायबर कॅफेत गेलात तर पासवर्ड तिथे ठेवू नका, आणि अर्ज कन्फर्म केल्यावर प्रिंट घेऊनच उठा. ‘मी भरून देतो, तुम्ही जा’ असं म्हणणाऱ्याच्या हवाली काही करू नका.

१०. प्रवेशानंतरचे पहिले सहा महिने

शाखा निवडून अर्धं काम होतं. धाकटीने पहिल्या सत्रात काही गोष्टी पाळल्या, त्या सांगते. गणित किंवा सर्किटचा प्रश्न आधी स्वतः वहीत सोडवायचा, मग एआयला विचारायचा, आणि दोन्हीत फरक आला तर चूक कुणाची ते शोधून काढायचं. असाइनमेंट एआयकडून लिहून घेणारी मुलं तोंडी परीक्षेला गप्प उभी राहतात, हे तिने पहिल्याच सत्रात पाहिलं. सुट्टीत ती त्याच सातपूरच्या वर्कशॉपमध्ये पंधरा दिवस जाऊन बसली. पैसे नव्हते, पण काकांनी तिला टेस्टिंगचं रजिस्टर लिहायला दिलं.

ज्याला कॉम्प्युटरची जोड हवी आहे त्याने एनपीटीईएलचे (आयआयटींच्या प्राध्यापकांचे ऑनलाइन) मोफत कोर्स बघावेत. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२पासून एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, त्यामुळे आयआयटी मद्रासची डेटा सायन्सची ऑनलाइन पदवीही मूळ शिक्षणासोबत करता येते. मात्र पहिल्या वर्षी हे ओझं घेऊ नका. आधी पहिल्या वर्षाचं गणित सुटू दे.

आणि शाखा खरोखरच चुकली असं वाटलं, तर डिसेंबरपर्यंत घरात बोला. पहिल्या वर्षाच्या गुणांवर, जागा रिकामी असेल तर, दुसऱ्या वर्षी शाखा बदलता येते. कॉलेजच्या ऑफिसात त्याचे नियम आणि अर्जाची तारीख आधीच विचारून ठेवा. थोरल्याला पहिल्याच वर्षी वाटलं होतं की आपल्याला इलेक्ट्रॉनिक्स जास्त आवडतं. तो आम्हाला बोलला चौथ्या वर्षी. आम्ही विचारलंच नव्हतं.